कंसास सिटी, राज्य मिसरी

न्हाय, मी म्हणतो, न्यूयॉर्कला असता तर काय बिघडलं असतं का त्याचं? एवढी मोठी अमेरिका! एवढं लांब जायचं, विमानात बसायचं, सगळा समुद्र ओलांडायचा, आणि तिथं पोचल्यावर राहायचं कुठं, तर अख्ख्या निपाणीत एकानं म्हणून ज्याचं नाव ऐकलेलं न्हाय अशा गावात! हसू नका. तुमची पोरगी लग्नाची असती आणि आलेल्या स्थळाचं गाव भिंग लावून शोधायची पाळी आली असती, म्हंजे कळलं असतं. तुम्हाला सांगतो, पुणं म्हटलं की माणूस मान हलवतो, मुंबई म्हटलं की मान हलवतो, आणि हा गडी सांगतोय... कन्सास सिटी! मान हलवायची तरी कुठल्या बाजूला?

थांबा, नीट सांगतो. मी मारुतीराव, निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. साल एकोणऐंशी. तेच ते, ज्या साली स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या. मरायचंच हाय तर खाऊन मरू! ती पडली लांब कुठंतरी, कोंबड्या तेवढ्या गेल्या... तर त्या साली, दिवाळी झाल्यावर, आमच्या पोरीला स्थळ आलं. पोरीचं नाव विद्युल्लता. नाव मी न्हाय ठेवलं, आमच्या आण्णानं ठेवलंय, आण्णा म्हंजे माझा थोरला भाऊ, वकील. पुरी हाक मारेपर्यंत ती गल्लीच्या टोकाला गेलेली असते, म्हणून आम्ही विद्यू म्हणतो. बेळगावात शिकलेली, बी. एस्सी. झालेली. आणि स्थळ खानापूरचं. पोरगा रघुवीर, इंजिनेर, अमेरिकेत. काम काय, तर धान्य साठवायची उंचच्या उंच कोठारं बांधायची. मी म्हटलं, म्हंजे वखारीच की! आपल्याच धंद्यातला निघाला!

आणि दोघांनी एकमेकांना बघितलेलं हो! खानापूरला एका लग्नात गेलतो, तिथं विद्यू पंगतीत वाढत होती आणि हा आपला सारखा भात मागतोय. घरी आल्यावर आमच्या हिनं विचारलं, "काय गं, कसा वाटला?" तर म्हणते, "भात लई खातो." आणि हसली. एवढंच. पण पोरीच्या बापाला तेवढं पुरतंय. त्या दिवसापासनं ही बया भात मऊ शिजवायला लागली. आता काय राहिलं? पोरगा रजेवर आलेला, पौष लागायच्या आत बार उडवून टाकायचा, बस्स! एकच गोष्ट राहिली. आण्णानं "हं" म्हणायचं. आमचा बाप गेला तेव्हा मी चड्डीत होतो, आण्णानं मला वाढवलं, शिकवलं, माझं लग्न लावलं. आमच्या घरात आण्णानं "हं" म्हटल्याबिगर मांजरसुद्धा दुधाला तोंड लावत न्हाय. आण्णानं विचारलं, "राहतो कुठं?" मी म्हटलं, कन्सास सिटी. आण्णा म्हणाला, "हे काय असतंय?"

बघा! न्यूयॉर्कला असता तर काय बिघडलं असतं?

आणि आमच्या निपाणीला अमेरिका म्हाईत न्हाय असं समजू नका हं! तोंडपाठ! शिकागो तर घरचंच. विवेकानंद आधी बेळगावला येऊन गेले आणि मग शिकागोला गेले, त्यामुळं बेळगावची माणसं शिकागो म्हंजे लोंढ्याच्या पुढचं स्टेशन असल्यागत बोलतात. डल्लास म्हाईत, तिथं केनेडीला गोळी घातली. ह्यूस्टन म्हाईत, तिथनं चंद्राला गाडी सुटते. बोस्टन आमच्या मष्णू मास्तरांनी पोरांना इतकी वर्षं शिकवलंय, तिथं म्हणे चहाची खोकीच्या खोकी समुद्रात फेकून दिली, आणि मास्तरांचं ऐकून ऐकून चहावाल्या भरमूचा अजून बोस्टनवर राग हाय! "खोकी समुद्रात? पावडरीची? ह्यांच्या तोंडात किडं पडूदेत!" अन् व्हर्जिनिया तर आमच्या वखारीतल्या हमालालासुद्धा ठाऊक, पण तो म्हणतो, "ते अमेरिकेत कसं असंल दिवाणजी? ती तंबाखूची जात, ती आंध्रात पिकतीया." थोडक्यात म्हंजे अमेरिकेतली झाडून सगळी गावं निपाणीला म्हाईत. आमचा जावई जिथं राहतो तेवढं सोडून.

मी जाईल तिथं विचारत सुटलो. कुणाला म्हाईत न्हाय ते न्हायच, वरनं शंका! भरमू म्हणतो, "दिवाणजी, नावात सिटी घालायला लागतंय म्हंजे खेडंच असणार बघा. न्यूयॉर्क कधी म्हणतंय का, मी सिटी हाय म्हणून?" रात्रभर डोक्यात तेच. मष्णू मास्तरांकडं गेलो, म्हटलं, तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा. तर मास्तरांनी डोळे मिटले, आणि व्याकरण! "कंस... कंसास... द्वितीया दिसते. स, ला, ते. कृष्णाने कंसास मारिले. कंसास सिटी म्हंजे कंसाला सिटी. पुढं क्रियापद पाहिजे मारुतीराव. दिली का घेतली?" मी म्हटलं, मास्तर, पोरगी द्यायची हाय, तेवढं क्रियापद बास झालं!

आणि घरी येऊन हे सगळं हिला सांगतोय, तर ते कुणी ऐकावं? आमच्या कोंडाआत्तीनं! बापाची बहीण, कान पातळ, तोंड जाड. दिवसभर जोत्यावर बसून मिसरी लावायची. भाजलेली तंबाखू दाताला घासत घासत तिनं तीन पिढ्यांची लग्नं जुळवली आणि मोडली. ती उठून बसली. "कुणाचं गाव म्हणालास? कंसाचं? आरं मुडद्या, भाचरांची डोकी दगडावर आपटणाऱ्याच्या गावाला पोर देतोस व्हय? उद्या तिला पोरं झाली म्हंजे?" मी म्हटलं, आत्ती, तो कंस वेगळा, हे अमेरिकेत हाय. "मग तिकडं पळाला असंल मेला!" झालं, आत्ती गल्लीभर सांगत सुटली. बायका आमच्या हिला विचारायला लागल्या, "व्हय ओ, ऐकलं ते खरं का?" ही रडायला लागली. आणि विद्यू? ती भात पहिल्यासारखा फडफडीत करायला लागली. माझ्या घशाखाली उतरंना हो!

न्यूयॉर्कला असता तर काय बिघडलं असतं?

मग आण्णानं मला बोलावलं. आता आमचा आण्णा म्हंजे कोण, हे सांगायला पाहिजे. सीमालढ्यातला माणूस! हिंडलग्याच्या जेलात जाऊन आलेला. निपाणी महाराष्ट्रात गेली पाहिजे, हे त्याचं पहिलं वाक्य, सकाळी चहाच्या आधी. पत्रावर पत्ता लिहितो तो 'मु. पो. निपाणी, जि. बेळगाव', आणि तिथं पूर्णविराम. राज्य लिहीत न्हाय. ज्या राज्यात जायचंय तिथं अजून गेलो न्हाय, आणि ज्यात आहोत ते कर्नाटक मानत न्हाय, मग लिहायचं काय? असला माणूस. त्यानं शाळेतनं मोठा नकाशा आणलेला, टेबलावर पसरलेला, हातात भिंग. म्हणाला, "मारुती, हा पोरगा खोटारडा आहे. कन्सास नावाचं राज्य आहे, हे बघ, इथं. आणि खानापूरकरांनी पोराचा पत्ता दिलाय, कन्सास सिटी, मिसुरी. मिसुरी हे दुसरं राज्य! कन्सास सिटी कन्सासात पाहिजे की नको? ज्याला स्वतःच्या गावाचं राज्य सांगता येत न्हाय, त्याला..." आणि तिथं आण्णा थांबला. भिंग थांबलं. बोट रेषेवरनं असं खाली खाली आलं आणि एका ठिपक्यावर टेकलं. मी म्हटलं, गेलं आता सगळं.

"मारुती..." आण्णाचा आवाजच बदलला. "अरं, हे गाव सीमेवर आहे रं."

मी म्हटलं, असंल.

"असंल काय? बघ! ही रेष, हा ठिपका. ठिपका रेषेवर! नाव कन्सास, आणि टाकलंय मिसुरीत! उचलून टाकलंय! कुणी टाकलं? काय निकष लावला? भाषा बघितली का?"

म्हटलं, आण्णा, दोन्हीकडं इंग्रजीच असंल की.

"गप! तुला काय कळतंय? इंग्रजीतपण फरक असतो." आणि मग डोळ्याला उपरणं लावलं हो त्यानं! माझा आण्णा जेलात जाताना रडला न्हाय, त्या दिवशी रडला. "आपल्याला वाटलं, आपणच एकटे. तिकडंपण हाय की आपल्यासारखं गाव! बोलव पोराला. मी त्याची भेट घेतो. आपल्या पोरीला त्या गावात मान मिळंल, तिला काय समजावून सांगायला लागणार न्हाय." मला काय, आनंदच आनंद! म्हटलं, सुटलो! हिला सांगितलं, तुपातलं उप्पीट कर. त्या रात्री भात परत मऊ झाला.

आला रघुवीर. उंच, गोरटेला, टाय बांधलेला, दारात चपला काढून ओळीत लावल्या त्यानं, मला तिथंच पसंत पडला. बसला. आण्णा समोर, कोंडाआत्ती कोपऱ्यात, विद्यू दाराआड. आणि आण्णानं सुरुवात कशी केली म्हणता? पगार विचारला? तब्येत? न्हाय! हात जोडून म्हणाला, "तुमच्या गावावर फार मोठा अन्याय झालेला आहे."

पोरगं घाबरलं. "खानापूरवर?"

"कन्सास सिटीवर! तुमचं गाव मिसुरीत आहे ना?"

"हो काका, मिसुरीतच..."

आणि कोपऱ्यातनं कोंडाआत्ती, "काय म्हणाला? मिसरी?" मी म्हटलं, आत्ती, मिसुरी, त्यांच्या राज्याचं नाव हाय. आत्तीनं दातावरचं बोट काढलं. चेहरा असा उजळला म्हातारीचा! "मिसरीचं राज्य हाय? मग आधी न्हाय का सांगायचं, मुडद्या! तोपर्यंत कंस कंस करत बसलास!" झालं, एक मत पडलं! मी म्हटलं, देव पावला, आता फक्त आण्णा.

आण्णा पुढं सरकला. "मोर्चे निघत असतील?"

"न्हाईत काका."

"दबलेत. बरं, आपल्यावर राज्य लादलं म्हणून आपण एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो, तसा तिथं पाळतात का?"

पोरगं भोळं हो, खरं बोलायची सवय! म्हणतं, "आदल्या दिवशी फिरतात की काळे कपडे घालून... पण ते भुताची सोंगं घेऊन. पोरांना गोळ्या वाटतात."

"माझी चेष्टा करतोस?" 'तुम्ही'वरनं 'तू'वर आला आण्णा! मी डोळ्यानं खुणावतोय, पोरगं बघंना. उलट समजावून सांगायला लागलं, "काका, तिथं तसं काही नाही हो. कन्सास सिटी दोन आहेत, मोठी मिसुरीत आणि धाकटी कन्सासात..."

"फाळणी!" आण्णा ओरडला.

"...मधनं नुसता एक रस्ता जातो. ह्या बाजूला एक राज्य, त्या बाजूला दुसरं. लोक पेट्रोल इकडं भरतात, भाजी तिकडं घेतात. कुणाला काही वाटत न्हाय."

कुणाला काही वाटत न्हाय! ह्या माणसापुढं! तुम्हाला सांगतो, आण्णा उठला. खुंटीवरची टोपी काढली. आवाज चढवला न्हाय, तसलं काही न्हाय, अगदी हळू बोलला. "मारुती, ज्या गावात माणसाला गावाबद्दल काही वाटत न्हाय, तिथं आपली पोरगी देऊन काय करायचं? उद्या हिच्याबद्दल तरी ह्याला काय वाटणार?" आणि निघाला. हिनं तोंडाला पदर लावला. रघुवीर उप्पिटाच्या बशीकडं बघत बसलेला. मला आण्णाच्या पाया पडावं का पोराचं तोंड बांधावं हेच कळंना... न्यूयॉर्कला असता तर! नुसतं न्यूयॉर्क म्हणाला असता, आण्णा म्हणाला असता, बरं, ते उंच इमारतींचं, करा लग्न! काय बिघडलं असतं हो?

आणि दाराआडनं विद्यू बाहेर आली. हातात उप्पिटाचं पातेलं. आमच्यात पोरगी बघायच्या वेळी पोरीनं बोलायची पद्धत न्हाय, पण ही आली, नीट रघुवीरच्या समोर उभी राहिली आणि विचारलं, "तिथल्या माणसाला कुणी चुकून दुसऱ्या राज्याचं म्हटलं, तर काय करतात ओ ती?"

पोराला बरं वाटलं, कुणीतरी सरळ प्रश्न विचारला! "अरे बापरे! भयंकर चिडतात! आमच्या ऑफिसात एकाला मी म्हटलं होतं, आठवडाभर बोलला न्हाय माझ्याशी!"

आण्णाचा एक पाय उंबऱ्याबाहेर. तिथंच थांबला. "चिडतात?"

"चिडतात म्हणजे काय काका! अंगावर येतात! म्हणतात, आम्ही..."

"उप्पीट घ्या की आणखी," विद्यू म्हणाली, आणि एवढा मोठा डाव त्याच्या बशीत टाकला, की निम्मं टायवर. पोरानं वर बघितलं. तिनं त्याच्याकडं बघितलं. भात खातो तसला गडी, पण अक्कल हाय हो! गप झाला. तोंडात उप्पीट भरलं आणि गप झाला.

आण्णा परत आत आला. टोपी खुंटीला अडकवली. पोराच्या पाठीवर थाप मारली, अशी जोरात, की त्याला ठसका लागला. "म्हंजे धग हाय! वरनं दिसत न्हाय, पण आत धग हाय! अरं, मग तसं सांगायचं की आधी! मारुती, कार्डं छापायला टाक."

झालं लग्न. पौष लागायच्या आत झालं. मांडवात आण्णानं खानापूरच्या व्याह्यांना मिठी मारून कन्सास सिटीच्या लढ्याला पाठिंबा दिला, त्यांना वाटलं, ही निपाणीकडची रीत असंल. आणि पाठवणीच्या आधी मी जावयाला बाजूला घेतलं. म्हटलं, "जावईबापू, ती माणसं चिडतात ते नेमकं कशानं?" तर म्हणतो, "आप्पा, त्यांना कुणी कन्सासचं म्हटलं की चिडतात. म्हणतात, आम्ही पहिल्यापासनं मिसुरीचे, खबरदार पुन्हा म्हटलास तर!" म्हटलं, हे आण्णाला... तर म्हणतो, "विद्यूनं आधीच सांगून ठेवलंय. काकांच्या पुढं मी फक्त जेवायचं."

पोरगी सुखात हाय. खरंच सांगतो, लई सुखात. फोटो येतात, बर्फात उभी हाय, अंगावर नवऱ्याचा कोट, हसतीया. पोरगा झाला तिला. कोंडाआत्ती जाईपर्यंत सांगत होती, आमची नात मिसरीच्या राज्यात राहते, तिकडं सरकारच मिसरी लावतंय. आण्णा दर महिन्याला पत्र लिहितो. पत्त्यावर राज्य काय लिहितो म्हणता? कन्सास! मिसुरी लिहीतच न्हाय. मी म्हटलं, आण्णा, पत्र दुसऱ्याच गावाला जातंय, फिरून फिरून पोचतंय. तर म्हणतो, "उशिरा पोचूदे. पण माझ्या हातनं मिसुरी लिहून होणार न्हाय." दिवाळीचं पत्र संक्रांतीला पोचतं, पोरगी तिकडं तिळगूळ खात फराळाचं वाचते.

आणि आता ह्या शहाऐंशी साली विद्यूनं कळवलं, आम्ही स्वतःचं घर घेतलंय. पोराची शाळा त्या बाजूला चांगली, म्हणून रस्ता ओलांडला आणि पलीकडं घर घेतलं. पलीकडं म्हंजे? कन्सासात! मी आण्णाला वाचून दाखवलं. तुम्हाला सांगतो, म्हातारा उठून उभा राहिला! पेढे आणले. गल्लीत वाटले. "एक घर सामील झालं! आपल्या पोरीनं करून दाखवलं! मोर्चा न्हाय, लाठी न्हाय, खटला न्हाय... नुसतं सामान उचललं आणि राज्य बदललं!" भरमूच्या हातात पेढा ठेवून रडला.

मलापण गहिवरून आलं हो. म्हटलं, एवढी वर्षं हा माणूस झिजतोय, आता केस पिकले, जेल झालं, कोर्ट झालं, काय हाताला लागलं न्हाय. म्हटलं, आण्णा, एवढं सोपं असलं तर आपणपण करूया की! हे काय कागल, एस. टी.त बसलं की नाका ओलांडून महाराष्ट्रात. वखारीचा ट्रक मी सांगतो. सामान भरू, कागलला एक घर घेऊ, आणि उद्यापासनं पत्त्यावर राज्य लिहायला मोकळा तू! पूर्णविरामाच्या पुढं लिही!

आण्णानं तोंडातला पेढा चावायचा थांबवला. माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं... म्हटलं आता डोळ्यात पाणी येणार. म्हणाला, "मारुती, खुळा का येडा रं तू? निपाणी सोडून महाराष्ट्रात कोण जातंय?"